जिंकलेला घोडा आणि चुकलेलं कारण

आपल्या हुबळी-धारवाडात पेढा आहे, गाणं आहे, रेल्वेचं मोठं ऑफिस आहे. रेसकोर्स मात्र नाही. घोड्यांची शर्यत बघायची तर बंगळूर किंवा म्हैसूर गाठायचं, नाहीतर हायवेने उलट्या दिशेला पुण्याला जायचं. वाटेत कोल्हापूरला ‘रेसकोर्स नाका’ लागतो, पण तिथे आता नावच उरलंय. त्यामुळे मंडळाच्या अंकात रेसवर लेख बघून काही काकू-मावश्यांच्या भुवया वर जाणार हे मला ठाऊक आहे. त्यांच्यासाठी आधीच सांगतो, पैसे कसे लावायचे हे इथे सांगितलेलं नाही. आपण केलेले अंदाज नंतर कसे तपासायचे आणि त्यातून शहाणं कसं व्हायचं, एवढाच विषय आहे.

मग त्यासाठी घोडेच का? कारण आयुष्यातल्या बहुतेक अंदाजांचा निकाल उशिरा आणि धूसर लागतो. नोकरी बदलली ते बरं झालं की वाईट, हे पाच वर्षांनीही नक्की सांगता येत नाही. शर्यतीचं तसं नसतं. दुपारी तीनला मत बनवायचं आणि तीन वाजून दोन-तीन मिनिटांनी निकाल समोर. पहिला कोण, दुसरा कोण, किती अंतराने, सगळं छापील. अंदाज तपासायला शिकायचं तर एवढी स्वच्छ शाळा दुसरी मिळणं अवघड.

मामांची रेसबुकं

माझे मामा पुण्याला असतात. बँकेतून निवृत्त झाले, आणि नोकरीत असल्यापासून रेसचा नाद. नाद म्हणजे काय, तर महिन्याला ठरवलेली छोटी रक्कम, ती संपली की फक्त बघायचं. मामी याला ‘तुमचा अभ्यास’ म्हणते, आणि ती कुठल्या सुरात म्हणते ते तुम्ही ओळखलं असेलच.

पुण्याचं रेसकोर्स १८३० सालचं, मुंबईचं महालक्ष्मी १८८३ चं. दोन्हीकडच्या शर्यती रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब भरवतो. पावसाळ्यात, साधारण जुलै ते ऑक्टोबर, पुण्याचा हंगाम. नोव्हेंबर ते एप्रिल मुंबईचा. फेब्रुवारीत महालक्ष्मीला इंडियन डर्बी असते, २४०० मीटरची. १९४३ साली ती पहिल्यांदा झाली आणि ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ नावाच्या घोडीने जिंकली. हे सगळं मला मामांकडून कळलं, लहानपणी सुट्टीला गेलो की जेवणाबरोबर ऐकावंच लागायचं.

शर्यतीच्या आधी रेसबुक मिळतं. त्यात प्रत्येक घोड्याचं वय, आई-बाप, ट्रेनर, जॉकी, पाठीवरचं वजन, गेटचा नंबर आणि मागच्या धावांचा हिशेब असतो. मामा पेन्सिल घेऊन बसतात आणि प्रत्येक शर्यतीत एका नावाखाली रेघ मारतात. अशी रेघा मारलेली कित्येक वर्षांची रेसबुकं त्यांच्या कपाटात रचलेली आहेत.

हँडिकॅप म्हणजे काय

ज्यांना रेसची अजिबात माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सगळे घोडे सारखे नसतात. चांगला घोडा दर वेळी जिंकला तर शर्यतीत मजा राहणार नाही. म्हणून क्लबचा एक अधिकारी प्रत्येक घोड्याला गुण देतो आणि जास्त गुणांच्या घोड्यावर जास्त वजन चढवतो. आपल्याकडे एका गुणाला अर्धा किलो असा हिशेब असतो. समजा एका घोड्याला ६६ गुण आहेत आणि दुसऱ्याला ४६. फरक २० गुणांचा, म्हणजे १० किलोंचा. पहिल्याच्या पाठीवर ६० किलो असेल तर दुसऱ्याच्या पाठीवर ५०. जॉकीचं स्वतःचं वजन त्यात धरलेलं असतं. कमी पडलं तर खोगिरात शिशाच्या पट्ट्या घालतात.

या अधिकाऱ्याला हँडिकॅपर म्हणतात. त्याचं स्वप्न असं की सगळे घोडे एकाच क्षणी रेषा ओलांडतील. ते कधी होत नाही, म्हणून शर्यत झाली की तो आपलेच गुण पुन्हा तपासतो. जिंकलेल्याचे वाढवतो, सतत मागे पडणाऱ्याचे कमी करतो. इंग्लंडमध्ये १८५५ पासून हे काम करणारे ॲडमिरल रूस या कलेचे मोठे जाणकार मानले जातात. वयानुसार घोड्याला किती वजन द्यायचं याचं कोष्टक त्यांनीच पक्कं केलं. गंमत अशी, की घोड्याचा अंदाज बांधणाऱ्या प्रेक्षकालाही इंग्रजीत हँडिकॅपरच म्हणतात. फरक एवढाच, की क्लबचा हँडिकॅपर प्रत्येक शर्यतीनंतर स्वतःला दुरुस्त करतो. प्रेक्षक सहसा करत नाही. तो पुढच्या शर्यतीचं पान उलटतो.

रेघ आहे, कारण नाही

मी इंजिनिअर, व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे एखादी सिस्टीम रात्री बंद पडली की दुसऱ्या दिवशी सगळे बसून लिहून काढतात: काय झालं, तेव्हा आपल्याला काय दिसत होतं, कुठला निर्णय कशावरून घेतला. कोणाला झापायचं नाही, असा त्या बैठकीचा नियम. एका दिवाळीत मामांच्या कपाटासमोर बसलो तेव्हा हीच सवय कामी आली. म्हटलं, मामा, तुमच्याकडे एवढा डेटा आहे, त्याची एकदा अशीच बैठक घेऊ.

एक जुनं रेसबुक उघडलं. तिसऱ्या शर्यतीत रेघ मारलेला घोडा जिंकला होता.

“मामा, यावर रेघ का मारली होती?”

“अरे, वजन उतरलं होतं ना त्याचं. वजन उतरलं की तो पळणारच.”

त्याच पानावर छापलं होतं की मागच्या वेळेपेक्षा त्याचं वजन दोन किलोंनी वाढलं होतं. मामांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि म्हणाले, “मग दुसरं काहीतरी असेल.”

मामा थाप मारत नव्हते. निकाल कळला की डोकं आपल्याला न विचारता कारण तयार करतं. बारूक फिशहॉफ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये हे दाखवून दिलं. निक्सन १९७२ मध्ये चीन आणि रशियाला जाणार होते, तेव्हा काय काय घडण्याची शक्यता किती, असं लोकांना आधी विचारलं होतं. नंतर त्यांनाच विचारलं की तेव्हा तुम्ही काय म्हणाला होता. जे घडलं होतं त्याला आपण आधीच जास्त शक्यता दिली होती, अशी लोकांची आठवण झाली होती. ‘मला वाटलंच होतं’ हे आपल्या प्रत्येक घरात ऐकू येणारं वाक्य याच जातीचं.

म्हणजे जुनी रेसबुकं तपासून उपयोग मर्यादितच. घोडा लिहिलेला होता, निकाल लिहिलेला होता. मधला दुवा, म्हणजे कारण, कुठेच नव्हतं.

चार खण

मग साधी दोनशे पानी वही आणली. नियम ठरवले. शर्यतीच्या आधी चार गोष्टी लिहायच्या: कुठला घोडा, तो जिंकण्याची शक्यता शंभरात किती, जास्तीत जास्त दोन कारणं, आणि हा घोडा हरला तर कशामुळे हरेल. शर्यत झाल्यावर खाडाखोड बंद. मी इथून हुबळीहून फक्त वहीत घोडे निवडतो, पैसे लावत नाही. मामा त्यांच्या ठरलेल्या रकमेत खेळतात. रविवारी रात्री फोनवर दोघांच्या वह्या समोरासमोर येतात.

तपासताना प्रत्येक निवड चारपैकी एका खणात जाते. कारण बरोबर, घोडा जिंकला. कारण बरोबर, घोडा हरला. कारण चूक, घोडा हरला. आणि चौथा खण: कारण चूक, तरी घोडा जिंकला.

दुसरा खण समजून घेण्यासारखा आहे. समजा आपण लिहिलं की हा घोडा सुरुवातीला पुढे राहील आणि त्याला कोणी त्रास देणार नाही. तसंच झालं, पण शेवटच्या पन्नास मीटरमध्ये एक चांगला घोडा येऊन मानेच्या अंतराने पुढे गेला. पैशाच्या हिशेबात हा पराभव आहे. वहीच्या हिशेबात नाही. पुढच्या वेळी हाच विचार पुन्हा करायला हरकत नाही.

सगळ्यात घातक चौथा खण. आपण म्हटलं की घोडा वजन कमी म्हणून जिंकेल, आणि प्रत्यक्षात पुढचे दोन घोडे एकमेकांशी झुंजून दमले म्हणून तो जिंकला. हातात पैसे येतात, पेढे वाटले जातात, आणि चुकीचं कारण डोक्यात पक्कं बसतं. हरलेला माणूस निदान विचार तरी करतो. चुकीच्या कारणाने जिंकलेला करत नाही.

कारण बरोबर होतं की नाही हे ठरवायला शर्यत पुन्हा बघावी लागते. आता शर्यतींचे व्हिडिओ घरबसल्या मिळतात. बघणारे बहुतेक जण शेवटचे दोनशे मीटर बघतात, कारण आरडाओरडा तिथे असतो. माहिती मात्र पहिल्या आठशे मीटरमध्ये असते. गेटमधून कोण उशिरा निघाला? वळणावर कोण बाहेरून धावला आणि जास्त अंतर कापून आला? पुढच्यांचा वेग सुरुवातीलाच जास्त होता का? पावसाने ट्रॅक मऊ होता का? ट्रॅक किती मऊ हे पेनेट्रोमीटर नावाच्या यंत्राने मोजतात आणि तो आकडा जाहीर करतात. पुण्याचा हंगाम पावसातलाच, त्यामुळे तिथे या आकड्याला वजन आहे. पाचवा आलेला घोडा खरं तर सगळ्यात चांगला धावला होता, असंही कधी कधी यातून दिसतं.

जास्त माहिती, जास्त खात्री

काही महिन्यांनी मामांची वही बोलायला लागली. एक ठरावीक जॉकी असला की मामांची शक्यता आपोआप वर जायची. कारणाच्या रकान्यात मात्र जॉकीचं नाव नसायचं, ‘फॉर्म चांगला’ असं काहीतरी असायचं. दुसरं, मामा जितकी जास्त वर्तमानपत्रं वाचत, तितका आकडा मोठा लिहीत.

यावर एक प्रसिद्ध प्रयोग आहे, आणि तो घोड्यांवरचाच. १९७३ मध्ये पॉल स्लोविक यांनी ८ अनुभवी रेसतज्ज्ञांना बोलावलं. घोड्याबद्दलच्या ८८ प्रकारच्या माहितीची यादी दिली. जुन्या शर्यतींचा अंदाज आधी फक्त ५ गोष्टी बघून करायचा, मग १०, मग २०, मग ४०. माहिती आठपट झाली तरी अंदाज जवळपास तेवढेच बरोबर येत होते. वाढत गेली ती स्वतःबद्दलची खात्री. मामांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे तीन पेपरांचे पैसे फुकट.” मामी आतून म्हणाली, “चला, काहीतरी निष्पन्न झालं.”

तेव्हापासून दोनच कारणं हा नियम आम्ही कडक पाळतो.

पुण्याचाच दुसरा अंदाज

अंदाज तपासून पद्धत बदलण्याचं मोठं उदाहरण पुण्यातच आहे, तेही घोड्यांपेक्षा कितीतरी गंभीर कामातलं. भारतीय हवामान खातं देशाच्या मान्सूनचा दीर्घकालीन अंदाज पुण्याच्या कार्यालयात तयार करतं. १९८८ पासून त्यासाठी डॉ. वसंत गोवारीकर आणि सहकाऱ्यांनी केलेलं १६ घटकांचं मॉडेल वापरात होतं. अनेक वर्षं त्याने चांगली साथ दिली. मग २००२ आलं. अंदाज होता सरासरीइतक्या पावसाचा. प्रत्यक्षात हंगामाचा पाऊस सरासरीपेक्षा १९ टक्क्यांनी कमी झाला, आणि जुलैमध्ये तर पाऊस फारच कमी पडला.

यानंतर शास्त्रज्ञांनी एकेक घटक तपासला. काही घटकांचा मान्सूनशी असलेला संबंध मधल्या वर्षांत सैल झाला होता. २००३ मध्ये ८ आणि १० घटकांची नवी मॉडेलं आली. २००७ पासून एकाच सूत्रावर न विसंबता अनेक मॉडेलं एकत्र वापरायला सुरुवात झाली. अंदाज, कारणं आणि निकाल तारखेसह लिहिलेले होते म्हणूनच कुठला घटक निकामी झाला हे शोधता आलं. धारवाडच्या आजूबाजूच्या शेतकऱ्याला ‘आम्हाला वाटलंच होतं’ म्हणणारं खातं काय कामाचं?

शक्यता आकड्यात लिहिण्याची रीतही हवामानवाल्यांकडूनच घेण्यासारखी आहे. ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये अशा अंदाजांना गुण देण्याची पद्धत मांडली. तिचं सार सोपं आहे. तुम्ही ज्या ज्या वेळी ‘शंभरात तीस’ म्हणालात त्या सगळ्या वेळा एकत्र करा. त्यातल्या साधारण तीस टक्के वेळा ती गोष्ट घडलेली असली पाहिजे. पंधराच टक्के वेळा घडली असेल तर तुमचा ‘तीस’ हा खरा ‘पंधरा’ आहे. एका शर्यतीवरून हे कळत नाही. निदान शंभर नोंदी लागतात.

वही जे सांगते ते ऐकायची तयारी

१९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे असा निकाल दिला. रेसवाले हा निकाल अभिमानाने सांगतात. पण खेळात कौशल्य आहे हे न्यायालयाने सांगितलं. ते माझ्याकडे आहे का, हे माझी वहीच सांगणार.

आणि कौशल्य असलं तरी पैसे मिळतील असं नाही. समजा सगळ्यांनी मिळून १०० रुपये लावले आणि क्लबचा वाटा व कर जाऊन ७५ परत वाटले गेले. म्हणजे नुसतं बरोबरीत सुटायला तुम्हाला बाकीच्यांपेक्षा एक तृतीयांशाने चांगलं असावं लागेल. रेसच्या पैजेवर आधी २८ टक्के जीएसटी होता, सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. अमेरिकेतून हाँगकाँगला जाऊन कॉम्प्युटरच्या मदतीने रेसवर खरोखर मोठी कमाई केलेल्या बिल बेंटर यांनी १९९४ मध्ये आपली पद्धत लिहून प्रसिद्ध केली. स्वतःच्या मॉडेलमध्ये लोकांचा भाव मिसळल्यावरच अंदाज खऱ्या अर्थाने सुधारले, असं त्यात आहे. म्हणजे एवढ्या हुशार माणसालाही बाकीची गर्दी मूर्ख नाही हे धरून चालावं लागलं.

हे सगळं आपल्या घरापासून लांब आहे असं वाटत असेल तर फोनमध्ये बघा. आपल्यातली किती मुलं फ्युचर्स-ऑप्शन्स खेळतात? सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या व्यवहारांतल्या १०० पैकी ९३ सामान्य व्यापाऱ्यांचं नुकसान झालं, सरासरी माणशी सुमारे दोन लाख. रेसकोर्सवर जायला निदान गाडी काढावी लागते.

माझा एक चुलतभाऊ यात होता. घरच्या ग्रुपवर फायद्याचे स्क्रीनशॉट यायचे, तोट्याचे कधी आले नाहीत. काका रोज बोलत, तो रोज जेवण अर्धं टाकून उठायचा. मी त्याला उपदेश केला नाही. मामांच्या वहीचे रकाने पाठवले. म्हटलं, दोन महिने प्रत्येक सौदा करण्याआधी कारण लिही, आणि शेवटी दलाली-कर धरून बेरीज कर. त्याने केली. बेरीज तर वाईट होतीच, पण त्याला जास्त लागलं ते कारणांचं. बहुतेक ठिकाणी कारणाच्या रकान्यात एकच मजकूर होता: ‘कालचं भरून काढायचं.’ ती वही त्याने स्वतः काकांसमोर ठेवली. काका वाचून काही बोलले नाहीत. वही मिटून परत दिली आणि विचारलं, “किती द्यायचे राहिलेत?” इतक्या महिन्यांत त्या घरात झालेलं ते पहिलं सरळ बोलणं.

मामांच्या निवडी आता थोड्या सुधारल्या आहेत. पण मला दिसणारा मोठा बदल वेगळा आहे. पूर्वी ते प्रत्येक शर्यतीत रेघ मारायचे. आता निम्म्याअधिक शर्यतींसमोर लिहिलेलं असतं, ‘मत नाही’. मामींच्या मते गेल्या तीस वर्षांत त्यांनी लिहिलेला हा सर्वांत शहाणा शेरा आहे.

तुम्हाला करून बघायचं असेल तर घोडे लागत नाहीत, पैसे तर नाहीतच. क्रिकेटचा सामना घ्या, ऑफिसातलं काम कुठल्या तारखेला संपेल ते घ्या, मुलाला कुठल्या विषयात किती मार्क पडतील ते घ्या. आधी लिहा, कारणासकट आणि आकड्यासकट. नंतर घरातल्या एखाद्या खवचट माणसाला तपासायला द्या. आमच्याकडे ते काम मामीकडे आहे.